मतदानाने निवडलेली पुस्तके आणि आटत गेलेली चर्चा : एका वाचनगटाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे टिपण ज्या वाचनगटाविषयी आहे तो सुरू होऊन चार वर्षे झाली होती. दरमहा एक पुस्तक वाचायचे आणि महिन्याच्या अखेरीस दोन तास एकत्र बसून त्यावर बोलायचे, एवढाच त्याचा कार्यक्रम होता. पटावर अठरा नावे होती. त्यांत एक परिचारिका, मालवाहतुकीचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ, महाविद्यालयात शिकणारी एक विद्यार्थिनी, दोन अभियंते आणि साहित्याचे एक निवृत्त प्राध्यापक होते. या प्राध्यापकांना सगळे ‘सर’ म्हणत. गटाची संयोजिका व्यवसायाने लेखापाल होती आणि तिच्या आग्रहामुळे पहिल्या बैठकीपासून एक नोंदवही ठेवली गेली होती. काही काळ ही वही माझ्याकडे होती. पुढचे निष्कर्ष बव्हंशी तिच्याच आधाराने काढलेले आहेत. सदस्यांच्या संमतीने आणि त्यांची ओळख उघड होणार नाही अशा बेताने हे लिहिले आहे.

वाचनगट ही कल्पना जुनी आहे आणि वेगवेगळ्या काळी लोकांनी तिच्याकडून वेगवेगळ्या अपेक्षा ठेवल्या आहेत. बेंजामिन फ्रँकलिन याने 1727 साली फिलाडेल्फियात ‘जंटो’ नावाचे जे मंडळ काढले ते एकमेकांना घडवण्यासाठी होते. दर शुक्रवारी संध्याकाळी जमून सदस्य नीती, राजकारण आणि विज्ञान यांवरील प्रश्नांची चर्चा करीत. पुस्तके एकमेकांना वापरता यावीत या गरजेतूनच 1731 साली त्या मंडळींनी वर्गणीवर चालणारे ग्रंथालय उभे केले. शिकागो येथे 1947 साली स्थापन झालेल्या ‘ग्रेट बुक्स फाउंडेशन’चा भर संहितेवर होता. समोरच्या मजकुराला धरून प्रश्न विचारणे आणि उत्तराचा आधार त्याच मजकुरात शोधणे ही त्यांची पद्धत आजही अनेक गट वापरतात. ओप्रा विन्फ्रे यांनी 1996 मध्ये दूरचित्रवाणीवर वाचकमंडळ सुरू केले तेव्हा एकच पुस्तक एकाच वेळी असंख्य माणसे वाचू लागली, आणि ‘आपणही या वाचनात सामील आहोत’ ही भावनाच त्या उपक्रमाचे बळ ठरली.

घडणे, संहितेशी भिडणे आणि सोबत मिळणे अशा या तीन अपेक्षा आहेत. आपल्या गटात तिन्ही होत्या, परंतु कोणाची कोणती हे कधी बोलले गेले नव्हते. सर घडवण्यासाठी येत होते, परिचारिका सोबतीसाठी येत होती आणि विद्यार्थिनीला वाक्यावाक्याशी भांडायचे होते. गट नवा होता तोवर हे सारे एकत्र नांदले.

माझे मत येथेच सांगणे योग्य होईल, कारण पुढचे प्रत्येक निर्णयस्थळ मी त्याच्याच आधारे तपासले आहे. पुस्तक वाचण्यासाठी माणसाला गटाची गरज नसते. लेखकाविषयी माहिती मिळवण्यासाठीही नसते. स्वतःला पूर्ण कळला असे वाटणारा मजकूर दुसऱ्याने निराळा वाचला आहे, आणि त्याच्याकडेही त्याच पानावरचा आधार आहे, हा अनुभव मात्र एकट्याला घेता येत नाही. वाचनगटाचे मुख्य काम मी हेच मानतो.

अडचण

पहिल्या वर्षी बैठकीला बारा-चौदा जण येत. चौथ्या वर्षी पाच-सहाच येऊ लागले आणि तेही नेहमीचेच. लोकांना वेळ नाही, हातातला फोन सुटत नाही, वाचनाची सवय मोडली, अशी कारणे गटात सहज मान्य झाली होती. त्या कारणांची सोय अशी की त्यांत गटाने काहीच बदलण्याची गरज उरत नव्हती.

संयोजिकेने मात्र गैरहजर राहणाऱ्या प्रत्येकाला एकेक करून फोन केला. बहुतेकांनी महिन्याचे पुस्तक हाती घेतले होते आणि कित्येकांचे अर्ध्याहून अधिक वाचून झाले होते. संपले नाही म्हणून ते येत नव्हते. ‘गृहपाठ न करता वर्गात शिरल्यासारखे वाटते,’ असे मालवाहतुकीचा व्यवसाय करणारे गृहस्थ तिला म्हणाले. कामाच्या रात्री सांभाळून ते तीनशे पानांच्या कादंबरीची दोनशे पाने वाचत, आणि त्या दोनशे पानांविषयी त्यांच्याजवळ बोलण्यासारखे पुष्कळ असे. ते बोलणे गटापर्यंत पोहोचतच नव्हते.

दुसरी गोष्ट नोंदवहीने दाखवली. चौथ्या वर्षाच्या सगळ्या नोंदी सलग वाचल्या तर प्रत्येक बैठकीचा क्रम एकच दिसतो. ‘पुस्तक कसे वाटले?’ हा पहिला प्रश्न असे. त्यावर फिरत्या क्रमाने आवडले, संथ वाटले, शेवट पटला नाही असे शेरे येत. ते संपले की थोडी शांतता पसरे आणि ती भरून काढण्यासाठी सर बोलू लागत. लेखकाचे चरित्र, तो काळ, समीक्षकांची मते या सगळ्यांवर ते मनापासून आणि तयारीने बोलत. नंतरचे प्रश्न सरांना विचारलेले असत आणि उत्तरेही सरांचीच असत. वर्षभराच्या त्या नोंदींत पुस्तकातल्या पानाचा क्रमांक केवळ दोनदा आलेला आहे. याचा अर्थ असा की बैठकीत पुस्तक उघडलेच जात नव्हते.

‘पुस्तक कसे वाटले?’ हा प्रश्न निरुपद्रवी दिसतो, पण त्याचे उत्तर निकालाच्या स्वरूपात येते, आणि एकदा निकाल दिला की माणूस त्याच्या बचावाला उभा राहतो किंवा गप्प बसतो. शिवाय समूहात बोलताना सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींचीच पुनरावृत्ती होण्याकडे कल असतो. गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच आढळले होते. गटातल्या सर्वांजवळ असलेली माहिती चर्चेत पुन्हा पुन्हा येते आणि एखाद्याजवळच असलेली माहिती बाहेर पडतच नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांचा प्रयोग निवडणुकीतल्या उमेदवाराच्या निवडीविषयी होता, तरीही आपल्या गटाच्या नोंदी त्याच्याशी जुळतात. प्रस्तावनेत आणि मलपृष्ठावर जे छापलेले होते ते प्रत्येक बैठकीत बोलले गेले. परिचारिकेला रुग्णालयातील प्रसंगात काय खटकले होते हे मात्र कोणाला कळले नाही.

तिसरे कारण सर्वांत उशिरा लक्षात आले आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे होते. दुसऱ्या वर्षापासून पुस्तकाची निवड मतदानाने होत असे. पाच नावे सुचवली जात आणि ज्याला जास्त मते ते पुस्तक ठरे. पद्धत न्याय्य होती, तिला कोणी कधी हरकत घेतली नाही. परंतु निवडून आलेल्या पुस्तकांची यादी पाहिली तर ती बहुतेक नावाजलेली, पारितोषिके मिळालेली आणि कोणाचाही विशेष विरोध नसलेली पुस्तके होती. विद्यार्थिनीने तुटक नोंदींच्या रूपात लिहिलेली एक कादंबरी अनेकदा सुचवली आणि ती प्रत्येक वेळी पडली. वाहतूकवाल्या गृहस्थांनी एका श्रमिकाचे आत्मकथन सुचवले, तेही पडले. बहुसंख्यांना चालेल असे पुस्तक मतदानाने मिळते. चर्चेला मात्र असे पुस्तक लागते की ज्याच्यासाठी निदान एक माणूस हट्टाने उभा राहील, आणि तो का उभा राहिला हे इतरांना जाणून घ्यावेसे वाटेल. सर्वांना चालणाऱ्या पुस्तकाची जबाबदारी कोणाचीच नसते, आणि अशा पुस्तकावरची चर्चा सुरू कोणी करायची हाच प्रश्न पडतो.

विचारात घेतलेले पर्याय

हे सगळे समोर ठेवण्यासाठी एक खास बैठक बोलावली गेली. गैरहजर राहणाऱ्यांपैकी बरेच जण तिला आले, कारण त्या महिन्यात वाचायचे काही नव्हते.

पहिला पर्याय कडक शिस्तीचा होता. ज्याने पुस्तक पूर्ण वाचले असेल त्यानेच बोलावे. ‘ग्रेट बुक्स’च्या पद्धतीत असा नियम आहे आणि त्यामागचा विचार मला पटतो, कारण न वाचलेल्या मजकुरावरची मते चर्चा हमखास भरकटवतात. पण त्या पद्धतीत चर्चेला घेतलेला मजकूर बहुधा लहान असतो आणि तो दोनदा वाचून येण्याची अपेक्षा असते. तीनशे-चारशे पानांच्या पुस्तकांना हा नियम लावला असता तर जे आधीच संकोचाने दूर राहिले होते त्यांच्यावर गटानेच दार लावून घेतले असते.

दुसरा पर्याय पूर्वतयारी काढूनच टाकण्याचा होता. लिव्हरपूल येथे सुरू झालेली ‘द रीडर’ ही संस्था अनेक वर्षांपासून अशा बैठका चालवते. कथा किंवा कविता तिथेच मोठ्याने वाचली जाते, मध्येमध्ये थांबून बोलले जाते आणि कोणी घरून काही वाचून येण्याची अपेक्षा नसते. परिचारिका आणि वाहतूकवाले गृहस्थ या पर्यायाच्या बाजूने होते. अभियंत्यांपैकी एकाचा आक्षेप असा की लांब पल्ल्याचे वाचन करायला भाग पाडणारी ही एकच जागा त्याला उरली आहे, आणि तीही गेली तर तो मोठी पुस्तके वाचणारच नाही. आक्षेप प्रामाणिक होता आणि त्याला समाधानकारक उत्तर कोणाकडेच नव्हते.

तिसरा पर्याय सरांना बाजूला करण्याचा. बैठकीत तो कोणी मांडला नाही. फोनवरच्या संभाषणांत मात्र अनेकांनी तो सुचवला होता, काहींनी बऱ्याच कटुतेने. हे मला अन्यायाचे वाटले. सर बोलत होते कारण त्यांच्यासमोर मोकळी जागा ठेवली जात होती आणि पुढचा प्रश्न त्यांनाच विचारला जात होता.

गट आहे तसाच राहू द्यावा, हा चौथा पर्याय कोणी पर्याय म्हणून मांडला नसला तरी तो खरा होता. नियमित येणारे पाच-सहा जण समाधानी होते. त्यांना एक जाणकार व्याख्याता आणि ओळखीची माणसे मिळत होती. अशी बैठक चालवण्यात काहीही गैर नाही. प्रश्न एवढाच होता की उरलेल्या बारांना आपण सदस्य म्हणायचे की नाही.

चर्चेच्या ओघात विद्यार्थिनीने फ्रँकलिनच्या मंडळातला एक नियम सांगितला. त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे की ठाम निकालाची भाषा आणि थेट खंडन या दोन्हींना काही काळानंतर तिथे मनाई झाली आणि नियम मोडणाऱ्याला किरकोळ दंड भरावा लागे. थेट खंडनाला बंदी घालणे आपल्या गटाला मानवले नसते, कारण मतभेदांची आधीच वाण होती. निकालाच्या भाषेविषयीचा भाग मात्र सर्वांना पटला. पुढे ठरलेल्या नियमांतला सर्वांत उपयोगी नियम त्यातूनच निघाला.

प्रत्यक्ष कृती

चार बदल एकदम लागू झाले. मतदान बंद करून निवडीची पाळी लावली. ज्याची पाळी त्याने पुस्तक ठरवायचे आणि ते का वाचावे हे अर्धा पान लिहून द्यायचे. अपुरे वाचून येण्यास मुभा दिली, मात्र आपण कोणत्या पानापर्यंत पोहोचलो हे सुरुवातीला सांगायचे आणि त्यापुढचे उलगडले तर तक्रार करायची नाही. पहिला अर्धा तास चार-चारांच्या तुकड्यांत बसायचे. हा आकडा काही मनाने ठरवलेला नव्हता. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या सहज जमणाऱ्या संभाषणांचे निरीक्षण करून असे दाखवले आहे की एका संभाषणात साधारण चार जणच टिकतात. पाचवा आला की बोलणे दुभंगते किंवा एक बोलतो आणि बाकीचे श्रोते होतात.

चौथा बदल सुरुवातीच्या प्रश्नाचा होता. पहिल्या अर्ध्या तासात पुस्तक आवडले की नाही हे सांगायचेच नाही. प्रत्येकाने एक उतारा निवडून आणायचा, पानाचा क्रमांक सांगायचा, उतारा मोठ्याने वाचायचा आणि तो का निवडला ते सांगायचे.

या नियमाने काय घडते ते पहिल्याच बैठकीत दिसले. कादंबरीतला प्रसंग असा होता : वडिलोपार्जित घराची विक्री पूर्ण झाल्याचा निरोप वृद्ध नायकाला मिळतो. तो काही बोलत नाही, उठतो, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतो आणि परत जागेवर येऊन बसतो. जेमतेम आठ ओळी. एकाच तुकडीतल्या परिचारिकेने आणि वाहतूकवाल्या गृहस्थांनी नेमका हाच उतारा आणला होता. परिचारिकेने तो आघात म्हणून वाचला होता. वाईट बातमी ऐकल्यावर नातेवाईक पलंगाची चादर नीट करू लागतात, पाण्याची बाटली भरून आणतात, हे तिने अनेकदा पाहिले होते, आणि हाताला काहीतरी काम हवे असते एवढेच ती त्या किल्लीत पाहत होती. गृहस्थांचे वाचन वेगळे होते. दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची वस्तू चालू स्थितीत द्यावी, असे त्यांचे म्हणणे. आयुष्यभर त्यांनी मालाची पोच दिली आणि घेतली होती. त्यांनी दोन पाने मागे जाऊन विक्रीच्या कागदातला तपशील दाखवला. घरासोबत ज्या वस्तू जाणार होत्या त्यांत ते घड्याळ होते. म्हणजे किल्ली दिली त्या क्षणी घड्याळ नायकाचे उरलेच नव्हते.

या पुस्तकावर सरांनी अनेक वर्षे शिकवले होते. घड्याळ त्यांनी सरत्या काळाचे प्रतीक म्हणून समजावून सांगितले होते आणि विक्रीच्या कागदातल्या त्या ओळीकडे आपले लक्ष कधी गेले नव्हते, असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. मग परिचारिकेने विचारले की घड्याळ परक्याचे झाले हे नायकाला त्या क्षणी आठवत असेल का, आणि तसे दाखवणारा शब्द त्या आठ ओळींत आहे का. पंचवीस मिनिटे त्या आठ ओळींवर बोलणे झाले. प्रश्न सुटला नाही. दोघांनीही आपले वाचन सोडले नाही, पण दोघांनाही ते पूर्वीइतके सोपे वाटेनासे झाले. वाहतूकवाल्या गृहस्थांचे पुस्तक त्या दिवशीही अपुरेच होते, हेही नोंदवण्यासारखे आहे.

सरांशी बोलणे हे सर्वांत नाजूक काम होते. खास बैठकीतल्या निर्णयांचा रोख त्यांच्या ध्यानात आला होता आणि ते त्या दिवशी लवकर निघून गेले होते. संयोजिका नंतर त्यांना भेटायला गेली ती नोंदवही घेऊन. ‘कमी बोला’ असे तिने सांगितले नाही. वर्षभराच्या नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या आणि शेवटची पंधरा मिनिटे त्यांनी घ्यावीत, पण त्या दिवशीच्या चर्चेतून जो प्रश्न निघेल त्यावरच बोलावे, अशी विनंती केली. सरांनी वही चाळून पहिल्या वर्षाची एक नोंद काढली. ‘सर, लेखकाची पार्श्वभूमी तुम्हीच सांगत जा,’ अशी विनंती सदस्यांनीच केल्याचे तीत लिहिलेले होते. त्यांचे म्हणणे खरे होते. लोक आपल्याला ऐकायला येतात असे त्यांना इतकी वर्षे वाटत होते आणि तसे वाटण्याला आधार होता. घड्याळाच्या चर्चेला ते आले, नंतरच्या दोन बैठकांना आले नाहीत, आणि पुन्हा येऊ लागले तेव्हा त्यांनी शेवटच्या पंधरा मिनिटांची मांडणी स्वीकारली.

परिणाम

वर्षअखेरीस उपस्थिती नऊ ते अकराच्या दरम्यान स्थिरावली. नोंदवहीत आता प्रत्येक बैठकीत पानांचे क्रमांक येतात, कधी एकेका बैठकीत दहा-बारा. पूर्वी वर्षानुवर्षे गप्प बसलेल्या एका सदस्याने सर्वांत बारकाईने वाचलेले असते, हेही त्यातूनच कळले. विद्यार्थिनीची तुटक नोंदींची कादंबरी अखेर तिच्या पाळीत वाचली गेली. निम्म्या जणांना ती मुळीच रुचली नाही आणि तिच्यावरची चर्चा त्या वर्षातली सर्वांत उत्कट चर्चा ठरली.

सगळेच साधले असे नाही. एकाच खोलीत तीन तुकड्या बोलू लागल्या की आवाजाचा त्रास होतो आणि कमी ऐकू येणाऱ्या सदस्यांना तो फार जाणवतो. पाळीने निवडलेल्यांपैकी एक पुस्तक निवडणाऱ्याने स्वतःच आधी वाचलेले नव्हते, नुसते ऐकून ठरवले होते. ते तिघांनीच पुरे केले आणि त्या बैठकीत बोलण्यासारखे काही उरले नाही. जुन्या नियमित सदस्यांपैकी दोघांनी येणे थांबवले. महिनाभराच्या धावपळीनंतर शांतपणे ऐकत बसायला ते येत होते, आणि आता दर वेळी उतारा घेऊन तयार राहणे त्यांना ओझे वाटू लागले. त्यांचा विसावा गेला हे खरे आहे आणि नव्या पद्धतीच्या यशात तो तोटा झाकून टाकणे मला योग्य वाटत नाही.

सर्वांत गंभीर प्रसंग वर्षाच्या उत्तरार्धात घडला. दीर्घ आजारावरच्या एका पुस्तकाची चर्चा चालू असताना, चौघांच्या तुकडीत, एका सदस्येने निवडलेला उतारा वाचला आणि त्याला लागून स्वतःच्या घरातल्या आजारी माणसाचे उपचार थांबवण्याचा निर्णय आपण कसा घेतला ते सांगितले. तिघांनी ते आदराने ऐकले. दुसऱ्या दिवशी त्या तिघांपैकी एकाने, गैरहजर असलेल्यांना चर्चा कळावी या हेतूने, गटाच्या व्हॉट्सॲपवर बैठकीचा सारांश टाकला आणि त्यात हा निर्णयही आला. नाव नव्हते, पण ओळखण्यास अडचण नव्हती. सारांश लिहिणाऱ्याचा हेतू निर्मळ होता. तिने रागाचा एक शब्दही लिहिला नाही, गट सोडला आणि ती परत आली नाही.

काय वेगळे करता आले असते

त्या प्रसंगाला अपघात म्हणून सोडून देता येणार नाही. ‘पुस्तक कसे वाटले?’ या प्रश्नाला माणूस सुरक्षित अंतरावरून उत्तर देतो. ‘हाच उतारा का निवडलास?’ हा प्रश्न ते अंतर काढून घेतो, आणि चौघांच्या लहान वर्तुळात ते आणखी कमी होते. गटाने जाणीवपूर्वक अशी पद्धत निवडली की जिच्यात माणसे आपल्या आयुष्यातून बोलू लागतील. मग त्या बोलण्याला संरक्षण देणे ही त्याच दिवशी घ्यायची जबाबदारी होती. आता बैठकीच्या आरंभी संयोजिका एक वाक्य सांगते : पुस्तकाविषयीचे बोलणे बाहेर सांगता येईल, माणसाविषयीचे इथेच राहील. व्हॉट्सॲपवर सारांशाऐवजी फक्त उताऱ्यांचे पानक्रमांक जातात. हे वाक्य वर्षभर आधी ठरवायला काहीच खर्च नव्हता.

सरांशी बोलणे खास बैठकीच्या आधी व्हायला हवे होते. निर्णय त्यांना सर्वांसमोर, आडून कळला. नोंदवही आधी त्यांच्यापुढे ठेवली असती तर त्या बैठकीत ते कदाचित बदलाच्या बाजूने बोलले असते. घड्याळाच्या चर्चेतला त्यांचा मोकळेपणा पाहता ही शक्यता दुबळी वाटत नाही.

चारही बदल एकदम केल्यामुळे कशाचा परिणाम किती झाला हे निश्चित सांगता येत नाही. माझा कयास उताऱ्याच्या नियमाकडे झुकतो. एका महिन्यात सातच जण आल्याने तुकड्या पाडल्या नाहीत, तरीही चर्चा तितकीच नेमकी झाली होती. तुकड्यांचा नियम नंतर आणला असता तर आवाजाचा त्रास आणि जवळिकीतून येणारी जोखीम या दोन्हींचा विचार करायला अवकाश मिळाला असता.

निवडीच्या पाळीला एक साधी अट हवी होती, ती आता घातली आहे : सुचवणाऱ्याने पुस्तक आधी स्वतः पूर्ण वाचलेले असावे. मोठ्याने वाचण्याचा जो पर्याय बाजूला पडला होता तोही दर तिसऱ्या बैठकीला घेऊन पाहायचे ठरले आहे. विसाव्यासाठी येणाऱ्या त्या दोघांना या बैठकांचे निमंत्रण गेले आहे, कारण तिथे तयारी लागत नाही.

सदस्यसंख्येचा प्रश्न अद्याप खुला आहे. नवीन माणसे विचारणा करू लागली आहेत. सरांचे म्हणणे बारापेक्षा जास्त सदस्य घेऊ नयेत असे आहे. जंटोनेही आपली मर्यादा बाराच ठेवली होती आणि तिथेही मित्रांना आणण्याची मागणी वाढली होती. तेव्हा फ्रँकलिनने मंडळ मोठे करण्याऐवजी प्रत्येक सदस्याने तसेच एकेक वेगळे मंडळ काढावे असे सुचवले. त्यांतली पाच-सहाच पूर्णत्वाला गेली, असे त्यानेच लिहिले आहे. विद्यार्थिनी या मार्गाच्या बाजूने आहे आणि दुसरा गट चालवायला ती तयार आहे. त्यासाठी तिने एकच मागणी केली आहे : नव्या गटाला जुन्या नोंदवहीची प्रत वाचायला मिळावी. त्या वहीतली कोणती पाने द्यायची आणि कोणती काढून घ्यायची, हे संयोजिका आणि सर मिळून ठरवत आहेत.